वास आणि वासे

इप्सविचच्या आमच्या भाड्याच्या घरात
सगळ्यात रंगीत जागा म्हणजे सिंकखालचं कपाट.
निळं, जांभळं, लिंबाशी काही नातं नसलेलं लिंबूपिवळं,
आणि प्रत्येकाच्या पाठीवर लाल चौकट.

रेवाने एका चौकटीवर बोट ठेवलं :
बाबा, हा मासा आडवा का पडलाय?
झाडाची पानं कुठे गेली?

साडेचार वर्षांची आहे. रात्री छातीत शिट्टी वाजते तिच्या.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दमा असेल, नसेल, बघू.
मी म्हटलं, मासा झोपलाय.
मग मलाच झोप लागली नाही.

पॅसेजमध्ये एक यंत्र होतं,
दर वीस मिनिटांनी सुस्कारा टाकणारं.
डबीवर नाव : सकाळचं कुरण.
खरं कुरण नदीपलीकडे, चालत बारा मिनिटं;
तीन वर्षांत आम्ही तिथे दोनदा गेलो.

पहिल्यांदा तेच बंद केलं,
कारण त्याला फक्त एक बटण लागत होतं
आणि त्या दिवशी माझ्यात तेवढंच बळ होतं.

हेमांगी म्हणाली, आता फोडणीचा वास पडद्यांत बसणार.
बसू दे.
घर फिरलं की वासे फिरतात म्हणे;
आमच्याकडे आधी वास फिरला,
घर सावकाश मागून आलं.

इथलं पाणी खडूचं.
किटलीच्या तळाला पांढरे पापुद्रे, चहावर तवंग.
व्हिनेगर ओतलं, तासभर विसरलो,
आणि तळात माझा चेहरा दिसला, जरा फुगलेला.
त्या एका यशाने मी इतका चढलो
की तीच बाटली घेऊन संडासाकडे निघालो.

कुंपणापलीकडून मॉरीन गुडचाइल्ड ओरडली,
वय एक्क्याऐंशी, कान मात्र तिशीतले :
आत ब्लीच आहे का? मग थांब!
माझी बहीण याच शहाणपणापायी
ॲम्ब्युलन्समध्ये बसून आली होती.
आणि नैसर्गिक नैसर्गिक काय चाललंय तुझं?
ते बघ माझं फॉक्सग्लव्ह, जांभळं, देखणं,
शंभर टक्के नैसर्गिक.
एक पान खाऊन बघतोस?

मी व्हिनेगर खाली ठेवलं.

तिनेच सांगितलं, धर्मादाय दुकानात जा, मागच्या फळीवर बघ.
तिथे चार पौंडांत बिडाचा तवा मिळाला,
गंजलेला, कुणाच्या तरी मेलेल्या स्वयंपाकघरातला.
घासला, तेल चोळलं, तापवला, पुन्हा तेल.
पहिली तीन धिरडी चिकटली. चौथं सुटलं.
खरवडलेलं नॉनस्टिक त्याच रात्री बाहेर गेलं;
त्याचे काळे कण आजवर कुणाच्या पोटात गेले
याचा हिशोब मी केला नाही.

चपला दाराबाहेर, हे तर आम्हाला येतच होतं,
इथे येऊन विसरलो होतो.

नोव्हेंबरात न्हाणीघराच्या छताला काळे ठिपके आले.
व्हिनेगर हरलं. सोडा हरला.
एजंटने कळवलं : खिडक्या उघडत चला.
उघडतो. रोज दहा मिनिटं, स्वेटर घालून,
हीटिंगचं बिल डोळ्यांसमोरून उडून जाताना बघत.

म्हणून एक बाटली ठेवली. एकच.
बाकीच्या नगरपालिकेच्या केंद्रात नेऊन दिल्या.
मोरीत ओतल्या नाहीत, कारण मोरी नदीला मिळते
आणि रेवाला नद्यांबद्दल बरंच ठाऊक झालंय.

शिट्टी अजून वाजते. कमी वाजते असं हेमांगी म्हणते,
मी मोजत नाही, मोजलं तर वाढेल अशी भीती.
पण परवा तिला उचलून घेतलं
तर डोक्याला तिचाच वास आला :
थोडा घाम, थोडं खोबरेल,
शाळेच्या रंगखडूचं काहीतरी.
हा वास इतके दिवस कुठे होता?

ती उरलेली बाटली कपाटावर चढवायच्या आधी
रेवाने मागून घेतली.
बॉलपेनने माशाला उघडा डोळा काढला,
झाडाला एक पान.